एकाच्या बदल्यात दहा

झाडांचा उपयोग काय, असं विचारलं की पहिलं उत्तर ठरलेलं असतं: प्राणवायू. शाळेतल्या निबंधापासून वृक्षारोपणाच्या भाषणापर्यंत हे उत्तर इतकं घोटलं गेलं आहे की त्यावर उलट प्रश्न विचारायचं कुणाच्या मनातही येत नाही. माझ्या मते झाडांची बाजू घेणाऱ्यांच्या हातातला हा सर्वांत लेचापेचा मुद्दा आहे. हवेत प्राणवायू सुमारे २१ टक्के आहे आणि तो साठा साचायला कोट्यवधी वर्षं लागली आहेत. जुनं जंगल जेवढा प्राणवायू सोडतं, जवळपास तेवढाच झाडांच्या स्वतःच्या श्वसनात आणि पालापाचोळा कुजवणाऱ्या जीवांकडून वापरला जातो. पृथ्वीवरच्या प्रकाशसंश्लेषणातला साधारण निम्मा वाटा तर समुद्रातल्या, नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या प्लवकांचा आहे. उद्या तुमच्या दारासमोरचं झाड गेलं, तर प्राणवायूवाचून कुणाचाही जीव घुसमटणार नाही. तोडणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं.

या उत्तराने दुसरं, जास्त मोठं नुकसान होतं. झाड म्हणजे प्राणवायू तयार करणारं यंत्र असं एकदा मानलं, की एक यंत्र काढून दहा बसवायला हरकत घेणार कोण? रस्ता रुंद करायचा असो, इमारत उभारायची असो की खाण खोदायची असो, जगात कुठेही हेच आश्वासन मिळतं: तोडलेल्या प्रत्येक झाडामागे पाच लावू, दहा लावू. ऐकणाऱ्यालाही वाटतं, एक गेलं, दहा आली, म्हणजे नऊ फायद्यात. हा हिशेब मुळातच खोटा आहे. त्यात डावीकडे झाड असतं आणि उजवीकडे रोपं, आणि या दोन वेगळ्या वस्तू आहेत. माणसाला आणि जनावराला झाडाचा जो उपयोग होतो तो ‘झाड’ या नावात नसतो. तो त्या झाडाच्या वयात असतो, ते जिथे उभं आहे त्या जागेत असतो आणि इतक्या वर्षांत त्याच्याभोवती जमलेल्या गोतावळ्यात असतो. यांतलं काहीच रोपवाटिकेत मिळत नाही.

यंत्राचीच भाषा बोलायची, तरी हा सौदा तोट्याचा आहे. झाड म्हातारं झालं की त्याची वाढ थांबते, मग ते कर्ब शोषत नाही, सबब ते तोडून तरुण झाडं लावावीत, असं बरीच वर्षं सांगितलं जायचं. २०१४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात ४०३ जातींच्या झाडांच्या मोजमापांवर आधारलेला एक अभ्यास आला. बहुतेक जातींत झाड जितकं मोठं, तितकं ते दर वर्षी अंगावर जास्त लाकूड चढवतं, असं त्यात दिसलं. उंची वाढायची थांबते, पण घेर वाढत राहतो आणि पानांचा पसारा प्रचंड असतो. काही महाकाय झाडं तर एका वर्षात एका मध्यम आकाराच्या अख्ख्या झाडाइतकं वजन कमावतात. २०१८ मध्ये जगभरातल्या ४८ जंगलपट्ट्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. तिथे जमिनीवर उभ्या असलेल्या जिवंत लाकडाच्या वजनापैकी जवळजवळ निम्मं वजन सर्वांत जाड अशा अवघ्या एक टक्का झाडांत होतं. शंभरातलं एक झाड उरलेल्या नव्याण्णवांच्या तोडीचं. आता त्या एकाच्या बदल्यात दहा रोपं देणाऱ्याला काय म्हणायचं?

पण कर्बाच्या हिशेबात मला फारसा रस नाही. खरी गोष्ट ढोलीची आहे.

ढोली कशी होते ते पाहण्यासारखं आहे. वाऱ्याने एखादी जाड फांदी मोडते आणि खोडाला जखम होते. झाड भोवतालची साल वाढवून ती बुजवायचा प्रयत्न करतं, पण जखम मोठी असेल तर त्याआधीच बुरशीचे बीजकण आत शिरतात. झाडाचा मधला गाभा तसाही मेलेलाच असतो. पाणी आणि अन्न वाहून नेणारे थर बाहेरच्या बाजूला, सालीलगत असतात. त्यामुळे बुरशी आतून गाभा पोखरत राहते आणि झाड वरून हिरवंगार उभं असतं. मग अळ्या येतात, वाळवी येते, कुठे सुतार पक्षी चोचीने भोक मोठं करतो. हे काम दशकानुदशकं चालतं. शेवटी आत एक कोरडी, अंधारी, उन्हाळ्यात गार आणि थंडीत उबदार राहणारी खोली तयार होते. घुबड, पोपट, मैना, वटवाघूळ, खार, मधमाश्या अशी भाडेकरूंची रीघ लागते. त्यांतल्या बहुतेकांना स्वतःला लाकूड कोरता येत नाही.

ऑस्ट्रेलियात तर सुतार पक्षीच नाहीत. तिथे ढोली म्हणजे सगळा बुरशी, वाळवी, वणवा आणि काळाचा कारभार. त्या खंडातल्या पाठीचा कणा असलेल्या सुमारे तीनशे जाती ढोल्यांचा आसरा घेतात. व्हिक्टोरिया प्रांतात माउंटन ॲश नावाचा निलगिरी आहे, फुलं येणाऱ्या वनस्पतींत जगातल्या सर्वांत उंच वाढणाऱ्यांपैकी एक. त्याच्या खोडात कामाच्या ढोल्या व्हायला किमान १२० वर्षं लागतात, बहुतेकदा त्याहून पुष्कळ जास्त. त्याच ढोल्यांत लेडबीटर्स पॉसम हा वीतभर लांबीचा, निशाचर प्राणी कुटुंबकबिल्यासह राहतो. हा प्राणी नामशेष झाला असं मानून लोक मोकळे झाले होते, १९६१ मध्ये तो पुन्हा सापडला. जंगल भरपूर आहे, झाडं भरपूर आहेत, तरी त्याच्यावरचं संकट टळलेलं नाही. कारण झाडं आहेत, पण पुरेशी म्हातारी झाडं नाहीत. उपग्रहातून पाहिलं तर ते जंगल हिरवंच दिसतं.

धनेशाचं उदाहरण याहून बोलकं आहे. मादी मोठ्या झाडाच्या ढोलीत शिरते, तोंड बुजवून घेते आणि चोच बाहेर येईल एवढीच फट ठेवते. पुढचे काही आठवडे नर त्या फटीतून तिला आणि पिलांना फळं भरवतो. एवढ्या मोठ्या पक्ष्याला मावेल अशी ढोली रुंद घेराच्या झाडातच असते आणि ती धनेशाला स्वतः करता येत नाही, आयती मिळावी लागते. हाच पक्षी मोठ्या बियांची फळं अख्खी गिळून दूरवर बिया टाकत जातो. लहान पक्ष्यांच्या घशाखाली न उतरणाऱ्या त्या बियांना दुसरे वाहक फार थोडे. म्हणजे आज एक जुनं झाड पडलं की एका जोडीचं घर जातं आणि त्या जोडीने पुढे पेरलं असतं ते जंगलही जातं. ‘एकाच्या बदल्यात दहा’ लिहिताना हे कुठल्या रकान्यात धरतात?

वड, पिंपळ, उंबर ज्या गटातले, त्या फायकस गटात साडेसातशेहून अधिक जाती आहेत. बहुतेक जातींच्या परागीभवनासाठी त्यांची त्यांची स्वतंत्र, चिमुकली गांधीलमाशी असते. ही माशी प्रौढ झाल्यावर एखाद-दोन दिवसच जगते. तेवढ्यात तिला त्याच जातीचं, नेमक्या अवस्थेतलं फळ गाठायचं असतं. म्हणून या झाडांना एकदम बहर येऊन चालत नाही. एक झाड आज फळतं, दुसरं दोन महिन्यांनी, तिसरं आणखी केव्हातरी. सोय त्या माशीसाठी झालेली आहे, पण तिचा लाभ सगळ्या जंगलाला मिळतो, कारण बाकीची फळं संपल्यावरही कुठे ना कुठे उंबरं पिकलेली असतात. बाराशेहून जास्त जातींचे पक्षी आणि सस्तन प्राणी ही फळं खातात, अशी नोंद आहे. हे जमायला परिसरात वेगवेगळ्या वेळी फळणारी पुरेशी मोठी झाडं लागतात. एका सकाळी, एका रांगेत, एकाच रोपवाटिकेतून आणून लावलेली रोपं ती जागा कशी घेणार?

जिवंत झाडाचं ठीक, पण वठलेल्या झाडाचं काय? त्याला तर आपण सरळ निरुपयोगी म्हणतो. फिनलंडमधल्या जंगलांत राहणाऱ्या जातींपैकी २० ते २५ टक्के, म्हणजे चार ते पाच हजार जाती, कुठल्या ना कुठल्या रीतीने मेलेल्या लाकडावर अवलंबून आहेत. भुंगेरे, बुरशी, दगडफुलं, माश्या. जंगल ‘स्वच्छ’ ठेवायच्या नादात उत्तर युरोपात पिढ्यान् पिढ्या वाळलेले ओंडके उचलले गेले आणि या जातींच्या पायाखालची जमीन, खरं तर पायाखालचं लाकूड, निघून गेलं. आता तिथे काही झाडं तोडताना बुंधा तीन-चार मीटर उंचीवर कापून मुद्दाम उभा ठेवतात. आधी केर म्हणून काढायचं आणि मग तेच शोभेने मांडायचं, असा हा प्रकार आहे, पण उशिरा का होईना, सुचलं.

आणि निरुपयोगी ठरवणारे आपण कोण? पॅसिफिक यू हे उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं, सावलीत हळूहळू वाढणारं, वेडंवाकडं झाड. लाकूडतोड करणाऱ्यांच्या लेखी ते निव्वळ अडगळ होतं. मोठी झाडं नेली की फांद्यांच्या ढिगाबरोबर तेही जाळून टाकत. १९६२ मध्ये त्याच्या सालीचा नमुना तपासणीसाठी गोळा केला गेला. मन्‍रो वॉल आणि मनसुख वाणी या रसायनशास्त्रज्ञांनी त्यातलं द्रव्य वेगळं करून १९७१ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली. तेच पुढे टॅक्सॉल या नावाने कर्करोगावरचं औषध झालं आणि १९९२ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. उपयोगाची यादी पूर्ण झाली असं समजून कुऱ्हाड उचलणाऱ्याने हे एक झाड लक्षात ठेवावं.

माणसाकडे येऊ. गर्द झाडाखाली उभं राहिल्यावर जो गारवा लागतो तो नुसत्या सावलीचा नसतो. मुळांनी ओढलेलं पाणी पानांतून वाफ होऊन जातं आणि वाफ होताना भोवतालची उष्णता घेऊन जातं. मोठं झाड कडक उन्हाच्या दिवशी शेकडो लिटर पाणी असं हवेत सोडतं. नवीन रोपाची सावली मात्र त्याला आधार म्हणून लावलेल्या काठीपेक्षा फार मोठी नसते. रोप मोठं होईलच, हे खरं. पण दुपारच्या उन्हात बस गाठायला निघालेल्या माणसाला आज सावली हवी आहे. तीस वर्षांनी मिळणारी सावली त्याच्या नातवाच्या खात्यावर जमा करून भागत नाही.

झाडं गेल्यावर माणसांचं काय होतं, याचा प्रयोग मुद्दाम करणं शक्य नाही. अमेरिकेत तो न करता झाला. आशियातून आलेला एमराल्ड ॲश बोरर नावाचा हिरवा, चमकदार भुंगेरा २००२ मध्ये डेट्रॉइटजवळ आढळला. त्याची अळी ॲश या झाडाच्या (वरचा माउंटन ॲश वेगळा) सालीखालचा जिवंत थर खाते, आणि थोड्याच वर्षांत झाड मरतं. कोट्यवधी झाडं मेली. रस्तेच्या रस्ते उघडे पडले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १५ राज्यांतल्या १९९० ते २००७ या काळातल्या मृत्यूंची आकडेवारी पाहिली गेली. उत्पन्न, शिक्षण वगैरे फरक जमेस धरूनही, भुंगेरा पोचलेल्या भागांत हृदयविकाराशी संबंधित सुमारे १५ हजार आणि श्वसनविकाराशी संबंधित सुमारे ६ हजार जादा मृत्यू दिसले. झाडं मेली म्हणूनच माणसं मेली, असा पक्का पुरावा हा नव्हे, हे मान्य. पण भुंगेरा माणसाला चावत नाही. मग मधे बदललं काय? याच्या कितीतरी आधी, १९८४ मध्ये, रॉजर उलरिक या संशोधकाने पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या ४६ रुग्णांच्या नोंदी ताडून पाहिल्या होत्या. खिडकीतून झाडं दिसणारे रुग्ण विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनाशामकंही कमी कडक लागली. रुग्ण थोडे होते, त्यावर इमले चढवू नयेत. तरी खाटेवर पडून भिंतीकडे पाहिलेल्या कुणालाही यात नवल वाटणार नाही.

हा वाद कागदावरून रस्त्यावर कसा येतो ते इंग्लंडमधल्या शेफील्ड शहराने पाहिलं. शहरातल्या सुमारे ३६ हजार रस्त्याकडेच्या झाडांपैकी १७,५०० झाडं काढून नवी लावायची, अशी तरतूद रस्तेदुरुस्तीच्या एका दीर्घ करारात होती. कारण काय, तर मुळांनी पदपथ उचलले जातात. काढलेल्या प्रत्येक झाडाजागी नवं रोप, म्हणजे कागदावर एकही झाड कमी नाही. २०१८ पर्यंत साडेपाच हजारांच्या आसपास झाडं गेली. नोव्हेंबर २०१६ मध्ये एका रस्त्यावर पहाटे पाचच्या सुमारास पोलिसांच्या बंदोबस्तात करवती चालल्या आणि अडवणाऱ्या निवृत्त लोकांना अटक झाली. दुसऱ्या एका रस्त्यावर एल्मचं झाड होतं, एल्मच्या रोगाने देशभर लक्षावधी झाडं गेली त्यातून वाचलेलं. त्याच्यावर व्हाइट-लेटर हेअरस्ट्रीक या दुर्मीळ फुलपाखरांची वसाहत होती, ज्यांच्या अळ्या फक्त एल्मवर वाढतात. तेही तोडायच्या यादीत होतं. लोक हटले नाहीत, तोड थांबली, आणि मग कळलं की बऱ्याच ठिकाणी कडेचा दगड जरा घासून किंवा पदपथाचा वरचा थर बदलून काम भागतं. २०२३ च्या चौकशी अहवालात नगर परिषदेने दिशाभूल केल्याचा ठपका आला आणि परिषदेने माफी मागितली. यादीतली कितीतरी झाडं मुळात काढायची गरजच नव्हती.

इथे समोरच्या बाजूचंही ऐकलं पाहिजे. जुनं झाड पडतं, फांदी कोसळते, माणसं दगावतात. हे नाकारणारा वृक्षप्रेमी नुसता भाबडा नाही, तो झाडांचं नुकसान करतो. पण पोकळ खोड म्हणजे पडायला आलेलं झाड असं समीकरण नाही. पोकळ नळीही भार पेलते, बाहेरच्या भिंतीची जाडी किती उरली आहे हे मोजता येतं, माथ्याचा भार उतरवता येतो. जिथे खालून कुणी जात-येत नाही तिथे वठलेलं खोड तसंच सोडता येतं. तपासणी करून तोडणं वेगळं आणि पोकळ दिसलं म्हणून तोडणं वेगळं.

दुसरी गोष्ट आपल्याच बाजूच्यांना सांगायची. प्रत्येक मोकळ्या जागी झाड लावणं म्हणजे पुण्य नव्हे. गवताळ माळ हे उजाड रान नसतं. तिथले पक्षी, हरणं, कीटक यांना उघडं आकाशच लागतं. दक्षिण आफ्रिकेत बाहेरून आणून लावलेले पाइन, निलगिरी आणि ऑस्ट्रेलियन बाभळी ओढ्यांचं पाणी पितात, म्हणून १९९५ पासून तिथलं सरकार लोकांना रोजगार देऊन ती झाडं काढतं आहे. संख्या हेच यश मानलं की असा माळ दिसताच खड्डे खणणारे धावत येतात.

मग रोपं लावूच नयेत का? लावावीत की. पण कशी, ते वंगारी मथाई यांच्याकडे पाहावं. १९७७ मध्ये केनियात त्यांनी ग्रीन बेल्ट चळवळ सुरू केली, ती हवेतल्या कर्बासाठी नाही. बायकांना सरपणासाठी मैलोन् मैल चालावं लागत होतं, झरे आटत होते, म्हणून. रोपं बायकांनीच वाढवली, आणि त्यांना मोबदला मिळायचा तो जगलेल्या रोपामागे, लावलेल्या नव्हे. या एका अटीत सगळं आलं. मथाईंना २००४ चा शांततेचा नोबेल मिळाला.

नायजर देशातली गोष्ट तर रोपांवाचूनची आहे. टोनी रिनॉडो हे ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञ तिथल्या माराडी भागात झाडं लावत होते आणि लावलेली बहुतेक मरत होती. १९८३ मध्ये एकदा वाटेतल्या झुडपाकडे नीट पाहिल्यावर त्यांना कळलं की ते झुडूप नाही, तोडलेल्या झाडाच्या बुडख्याचे फुटवे आहेत. खाली जिवंत मुळं होती, अख्ख्या शेतांत. शेतकऱ्यांनी दोन-चार फुटवे राखून बाकीचे छाटायला सुरुवात केली. आधीच्या कायद्याने झाड सरकारचं होतं, त्यामुळे शेतात झाड राखण्यात कुणाला गोडी नव्हती. राखलेलं झाड आपलं, ही खात्री मिळाल्यावर चित्र पालटलं आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत सुमारे ५० लाख हेक्टर शेतजमिनीवर झाडं परतली. त्यांत ‘गाओ’ नावाचं एक काटेरी झाड आहे. ते पावसाळ्यात पानं गाळतं आणि कोरड्या दिवसांत हिरवं होतं. पेरणीच्या वेळी पिकाला ऊन मोकळं मिळतं, चाऱ्याच्या टंचाईत गुरांना शेंगा मिळतात. झाडाचा उपयोग शेतकऱ्याला कुणी पत्रक वाटून शिकवावा लागला नाही.

तेव्हा रोपांची संख्या छापणं बंद करा, अशी माझी मागणी आहे. किती लावली हे विचारूच नका. पाच वर्षांनी किती जगली हे विचारा. तोडायच्या झाडापुढे ‘१ नग’ न लिहिता त्याचा घेर, अंदाजे वय, माथ्याचा विस्तार आणि आत कोण राहतं हे लिहा. एवढं लिहिण्यासाठी कुणाला तरी त्या झाडापाशी जाऊन वर पाहावं लागेल. ‘दहा लावू’ म्हणणाऱ्याने ती कुठे, कुणाच्या राखणीत, आणि पाणी कोण घालणार, हे आधी सांगावं. तोड त्यानंतर.

व्हिक्टोरियात फेब्रुवारी २००९ मध्ये भयानक वणवे लागले आणि पॉसमच्या जंगलाचा मोठा भाग जळाला. राखेतून माउंटन ॲशची नवी पिढी दाट उगवली, कुणी न लावता. एका जळालेल्या झाडाच्या जागी दहाच्या कितीतरी पट रोपं आली. आता ती सरळसोट आणि गुळगुळीत वाढली आहेत. त्यांच्यात पहिली ढोली व्हायला २१३० उजाडेल. दरम्यान, दुधाची तहान ताकावर म्हणून, माणसं जंगलात लाकडी पेट्या टांगतात, आणि पेटी कुजली की शिडी लावून नवी.